टेकडीवरचे तीनशे आणि मी

मी एक जुना दरवाजा आहे. आता माझ्यावर कुणी टकटक करत नाही, मला कडी लावत नाही आणि रागाच्या भरात मला आपटत तर मुळीच नाही. मित्रांनो, जवळजवळ पन्नास वर्षं झाली, मी आडवा पडून आहे. माझ्या अंगावर एक नदी आहे, एक पूल आहे, एक टेकडी आहे आणि त्या टेकडीवर तीनशे माणसं उभी आहेत. ती खाली उतरत नाहीत. का उतरत नाहीत, हे एका बाईला वयाच्या नवव्या वर्षापासून जाणून घ्यायचं आहे. तेव्हा ही गोष्ट खरं तर त्या बाईची आणि त्या तीनशेंची. मी आपला खाली होतो, एवढंच.

मला ज्या सुताराने घडवलं तो बोलायचा कमी आणि खोकायचा जास्त. पाच फळ्या एकात एक बसवून त्याने मला तयार केलं. दरवाजाची बाहेरची बाजू तेवढी चांगली करायची आणि आतली कशीबशी उरकायची, अशी त्या कारखान्यात रीत होती. हा गडी मात्र दोन्ही बाजूंना सारखाच रंधा मारायचा. वेळ खातोस म्हणून मालक त्याला रोज बोलायचा. माझं काम संपलं तेव्हा त्याने मला उलटा करून पाहिलं, हात फिरवला आणि पुढची फळी घेतली. शाबासकी म्हणून मला मिळालं ते एवढंच. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पुढे त्या मागच्या बाजूची किंमत कळली, पण ते फार पुढे.

एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाच्या खोलीला मला बसवलं. घरात तीन माणसं होती. बाबा बेकरीत कामाला होते. पहाटे जायचे, दुपारी येऊन झोपायचे, म्हणून दुपारभर घरात चिडीचूप असायचं. त्यांची बहीण, म्हणजे आत्या, एका दुकानासाठी उशांच्या अभ्र्यांवर फुलं भरायची. आणि तिसरी ती मुलगी. तिची आई ती तान्ही असतानाच गेली होती. आत्यानेच तिला वाढवलं. बाबांची झोप मोडू नये म्हणून दुपारी मला लावून घ्यायचं आणि आत बसून मुलीने काय वाटेल ते करायचं, पण आवाज न करता, असा नियम होता.

ती नऊ वर्षांची असताना तिला गालगुंड झाले. गाल असे सुजले की बाबा तिला पाव म्हणायला लागले. शाळा बंद, बाहेर जाणं बंद. आत्याने वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणून दिलं, जुन्या लढायांचं. मुलीला राजकन्यांचं पुस्तक हवं होतं, पण वाचनालयवाल्याने समोर होतं ते उचलून दिलं होतं. पहिले दोन दिवस तिने त्याला हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी कंटाळा अनावर झाला म्हणून उघडलं, तर मधून एक घडीचा नकाशा निघाला.

ती लढाई तशी लहानशीच होती. मोठ्या इतिहासात तिला दोन पानं मिळाली होती. पहाटे पुलावर दोन फौजा भिडल्या. एका फौजेचे तीनशे लोक टेकडीवर ठेवले होते. पुलावर लाल निशाण वर झालं की त्यांनी खाली यायचं, असं ठरलं होतं. निशाण वर झालं. ते आले नाहीत. पूल गेला, लढाई गेली. दरबारच्या लेखनिकाने पुढे लिहून ठेवलं होतं की टेकडीवरचे तीनशे भेकड निघाले, दिवसभर उभे राहून बघत बसले. बस, एक ओळ.

त्या ओळीपाशी मुलगी अडकली. सुजलेल्या गालांनी ती ज्याला-त्याला विचारू लागली, की तीनशेच्या तीनशे एकदम कसे घाबरतील? एखादा तरी उतरला असता की नाही? डॉक्टर म्हणाले, बोलू नकोस, गाल दुखतील. आत्या म्हणाली, माणसं घाबरतात बाळा, त्यात काय एवढं. बाबा झोपेतून उठत म्हणाले की त्यांना सकाळी कुणी पाव दिला नसेल, उपाशीपोटी कोण लढतंय. ती हसली नाही. बाबांनी त्या दिवशी तिचं नाव ‘सेनापती’ ठेवलं आणि ते जन्मभर चिकटलं.

पुस्तक पंधरा दिवसांत परत करायचं होतं. चौदाव्या दुपारी ती मला आतून लावून नकाशा पाठ करत बसली होती. त्या दिवसांत मी दमटपणाने फुगलो होतो. संध्याकाळी ती बाहेर यायला निघाली तर मी हलेचना. माझा नाइलाज होता. बाबांनी ढकललं, शेजारच्यांनी खांदा लावला, शेवटी बिजागऱ्या काढून मला उचलून बाजूला ठेवावं लागलं. बाबा भलतेच वैतागले होते. याचे तुकडे करून भट्टीत घालतो, म्हणाले. बेकरीची भट्टी, मित्रांनो. चेष्टा नव्हती.

मुलीने माझी कडा धरली आणि सोडलीच नाही. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, मला लढाई मांडायला एवढीच जागा हवी आहे. बाबांनी आत्याकडे पाहिलं, आत्याने बाबांकडे. मग मला दोन रिकाम्या खोक्यांवर आडवा टाकण्यात आलं आणि खोलीला पडदा लागला. असा मी भट्टीतून वाचलो. तिने मला वाचवलं हे मी विसरलो नाही, पण दरवाजाने कृतज्ञता दाखवायची कशी? मी सपाट राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक जायचं होतं, म्हणजे नकाशा त्या रात्रीच उतरवून घ्यायला हवा होता. अभ्र्यावर फूल उतरवायची आत्याची एक युक्ती होती. चित्रावर पातळ कागद ठेवायचा, मऊ पेन्सिलीने गिरवायचं, मग तो कागद पालथा घालून चमच्याच्या पाठीने घासायचं. पेन्सिलीची रेघ खाली उतरते. आत्याने तशी शेकडो फुलं उतरवली होती. फुलाला उजवं काय नि डावं काय! मुलीने तसंच केलं. नदी, पूल, टेकडी आणि उत्तरेचा बाण तिने माझ्या वरच्या बाजूवर घासून घासून उतरवला. नावं मागाहून हाताने लिहिली. कागद पालथा घातला की सगळं उलटं उतरतं, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. उत्तरेचा बाण वरच राहिला होता. मग शंका कशाची यायची?

पुस्तक गेलं. काही वर्षांनी ते वाचनालयही बंद पडलं आणि पुस्तकं गठ्ठ्यांनी रद्दीत गेली. त्या लढाईचा नकाशा म्हणून उरलो तो मी.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण ती तशीच गेली. आधी माझ्यावर आत्याच्या डब्यातली बटणं होती. पांढरी एका बाजूची, काळी दुसऱ्या बाजूची. टेकडी म्हणजे दुमडलेली चादर. माझ्या कुलपाचं भोक नेमकं नदीकाठी आलं होतं. तिथे तिने तळं करून टाकलं, खऱ्या जागी तळं असो वा नसो. इतर मुलींचे छंद आले नि गेले. ती मात्र शाळेतून आली की एक डोळा मिटायची, हनुवटी माझ्यावर टेकवायची आणि टेकडीवरून खाली बघत बसायची. उभ्याने बघून काही कळत नाही, हे तिला फार लवकर उमगलं होतं.

शिकून ती दातांच्या कारखान्यात लागली. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचा साचा घेऊन पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा आणि त्यावर कवळी किंवा दात बसवायचा, असं ते काम. तिचा हात इतका नेमका होता की डॉक्टर चिठ्ठीवर तिचं नाव लिहून काम पाठवायचे. डावीकडचा दात उजवीकडे गेला अशी चूक त्या धंद्यात कधी ना कधी प्रत्येकाच्या हातून होते. तिच्या हातून पस्तीस वर्षांत एकदाही झाली नाही. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

कारखान्यातून उरलेलं प्लास्टर घरी यायला लागलं आणि माझे दिवस पालटले. चादरीची टेकडी गेली, प्लास्टरची आली, दगडगोट्यांसकट. नदीसाठी कवळीचं पारदर्शक द्रव्य ओतलं. बटणांच्या जागी माणसं आली, एकेक नखाएवढं, दाताच्याच मसाल्याचं. त्यामुळे माझ्यावरची दोन्ही सैन्यं दाताच्या रंगाची होती आणि पाहुणे म्हणायचे की सगळे हसतायत वाटतं. टेकडीवरचे तीनशे तिने एका साच्यातून काढले नाहीत. प्रत्येक वेगळा केला. त्या कामाला नऊ वर्षं लागली.

मधे बाकीचं आयुष्यही झालंच. तिने नळ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी लग्न केलं. मोठा गमत्या माणूस. पहिल्याच दिवशी मला बघून त्याने विचारलं होतं, “या नदीला पाणी कुठून देऊ?” तेव्हाच तिने ठरवलं असणार. आत्या गेली. बाबा अंथरुणाला खिळले, सात वर्षं तिने त्यांचं केलं. ती लढाईची जागा दीड दिवसाच्या प्रवासावर होती. बाबांना बरं वाटलं की जाऊ, हातातलं काम उरकलं की जाऊ, असं करत करत जाणं राहूनच गेलं. शिवाय नकाशा घरात होता ना. आपल्या घरातल्या वस्तूवर कोण संशय घेतो?

मग ती छप्पन्न वर्षांची असताना तो दिवा आला. लढाई सूर्य उगवताना सुरू झाली होती, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण सूर्य कधी मांडला नव्हता. त्या दिवशी खोलीचे पडदे ओढून तिने माझ्या पूर्वेच्या कडेला टेबलाचा दिवा धरला आणि टेकडीपाशी डोळा नेला. माझी टेकडी पश्चिमेला होती. समोरून उजेड आला, नदीवर पडला, आणि नदी अशी चकाकली की तिला डोळा मिटून घ्यावा लागला. पूल दिसेना. निशाण दिसेना. ती तशीच खाली बसली आणि नवऱ्याला हाक मारली. तो हातातलं टाकून धावत आला, त्याला वाटलं शॉक बसला.

“त्यांना काही दिसतच नव्हतं हो,” ती म्हणाली. “ते भित्रे नव्हते.” आणि मग ती रडली. बाबा गेले तेव्हाही मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं.

तिने लेख लिहिला. इतिहास मंडळाच्या वार्षिक अंकात तो छापून आला. मंडळाचे चिटणीस स्वतः घरी आले, निवृत्त गृहस्थ, चष्मा दोरीला बांधलेला. माझ्याभोवती चार फेऱ्या मारून त्यांनी विचारलं की हे तळं कोणत्या आधारावर दाखवलंय. ते कुलपाचं भोक आहे, असं तिने सांगून टाकलं. ते हसले आणि म्हणाले की हा देखावा मंडळाच्या सभागृहात कायमचा ठेवू. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. भट्टीतून सभागृहापर्यंत किती दरवाजे जातात?

लेख छापून आल्यावर सहा-सात महिन्यांनी एक पत्र आलं. लिहिणारा लढाईच्या त्या गावातला टपालवाला होता. त्याचं घराणं त्या तीनशेंपैकी एकाचं. त्या भागात अजूनही कुणी काम सोडून बघत उभा राहिला तर त्याला ‘टेकडीवाला’ म्हणतात. लग्न जुळवताना म्हणतात, भांडताना म्हणतात, पोरं खेळताना म्हणतात. त्याने लिहिलं होतं की माझे वडील नव्वदीचे आहेत, त्यांना लेख वाचून दाखवला, त्यांनी तो चौकट करून भिंतीवर लावायला सांगितला. ताई, एकदा या. टेकडी दाखवतो.

ते पत्र तिने माझ्या कडेशी ठेवलं आणि महिनाभर तिथेच राहू दिलं. मग एक दिवस बॅग भरली आणि निघाली.

पाच दिवसांनी ती परतली तेव्हा नवऱ्याने दारातच चहाचं विचारलं. ती सरळ आत आली, चपलांसकट. तिच्या हातात वहीचा एक कागद होता. टेकडीवर उभं राहून तिने काढलेली आकृती होती ती. तो कागद तिने माझ्याशेजारी धरला, मग माझ्या दुसऱ्या बाजूला धरला. मग भिंतीवरच्या नवऱ्याच्या दाढीच्या आरशासमोर तो धरला आणि आरशात पाहिलं. आरशातली नदी हुबेहूब माझ्या नदीसारखी वळत होती.

तिने नवऱ्याला सगळं माझ्यासमोरच सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे. टपालवाल्याने तिला पहाटे टेकडीवर नेलं होतं. तो आनंदात होता, वाटेत भेटेल त्याला सांगत होता की लेख लिहिणाऱ्या याच त्या ताई. दोघं वर जाऊन पुलाकडे तोंड करून उभी राहिली. उजाडलं. तो पूल, ते पाणी, पलीकडचा रस्ता, सगळं लख्ख दिसू लागलं. मग तो हळूच म्हणाला होता, “ताई, ऊन तर पाठीवर येतंय.”

टेकडी पूर्वेला होती. तीनशेंना पूल दिसत होता आणि निशाणही दिसत होतं. खाली उतरताना टपालवाल्याने एवढंच मागितलं होतं की माझ्या वडिलांना एवढ्यात काही कळवू नका.

“माझ्या हातून,” ती म्हणत राहिली, “डावं-उजवं माझ्या हातून.” त्या क्षणी मला पहिल्यांदाच दरवाजा असल्याचं वाईट वाटलं, कारण दुसऱ्या एखाद्या वस्तूने, निदान घड्याळाने, इतक्या वर्षांत काहीतरी आवाज केला असता.

चिटणीसांना तिने दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. अंक सगळीकडे गेला आहे, आता चूक कबूल केली तर मंडळाचं हसं होईल, असं त्यांचं म्हणणं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला अडचण मिटवायची होती. म्हणाले की दिवा ठेवूच नका आणि तो उत्तरेचा बाण तेवढा खरवडून टाका. त्या आडगावात जाऊन सूर्य कोण बघतंय? आणि त्या म्हाताऱ्याच्या भिंतीवरची चौकट तरी का उतरवायची?

हे शेवटचं तिला लागलं. चिटणीस गेल्यावर ती दोन दिवस कामावर गेली, आली, जेवली, झोपली, पण माझ्याकडे फिरकली नाही. माझ्यावर धूळ बसली. बाण खरवडायला एक कोरणी आणि पाच मिनिटं पुरली असती. तीनशेंची अब्रू राहिली असती, तिचीही. मी वाट बघत होतो. दरवाजाला मत नसतं, पण त्या दोन दिवसांत मला ते होतं. मला ती कोरणी अंगाला लागायला नको होती.

तिसऱ्या दिवशी नवरा जेवताना म्हणाला, “सेनापती, एखादा दात उलटा बसला तर तुम्ही काय करता?”

“परत करते.”

“पेशंट म्हणाला चालतंय, तरी?”

ती ताट तसंच ठेवून उठली आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मग खाली वाकली. वरून नाही, खालून बघायला. माझ्या खालच्या बाजूवरून तिने हात फिरवला, जिथे त्या खोकणाऱ्या सुतारानंतर कुणीच असा हात फिरवला नव्हता. ती बाजू गुळगुळीत होती. ती तिथेच जमिनीवर बसून हसायला लागली.

“अहो,” ती म्हणाली, “हा देखावा नाहीये. हा साचा आहे. तुमचं ड्रिल आणा.”

तुमच्या लक्षात आलं का, मित्रांनो? एका बाजूला जे उलटं उमटलेलं असतं ते आरपार गेलं की पलीकडून सुलट दिसतं. साच्यातून रोज सुलट जबडे काढणाऱ्या बाईला हे कळायला इतका वेळ लागला, यात नवल वाटण्यासारखं आहे आणि नाहीही. नवऱ्याने नळाच्या कामाचं ड्रिल आणलं. तिने दाखवायचं आणि त्याने भोक पाडायचं. पुलाची दोन टोकं, टेकडीचं शिखर, नदीचं प्रत्येक वळण. एकूण एक्केचाळीस भोकं. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं. पण मी कुरकुरलो नाही. कुरकुरायला बिजागऱ्या लागतात.

मग माझ्या अंगावरचं पस्तीस वर्षांचं प्लास्टर तिने हातोडीने फोडलं. माणसं तेवढी एकेक करून आधी काढून घेतली. त्या तीनशेंना एका डब्यात कापसात ठेवलं. मला उलटं केलं. दरवाजाच्या नशिबी असं दुसरं आयुष्य सहसा येत नाही. त्या भोकांना भोकं जोडून तिने नवीन नदी आखली. आकृतीशी ताडून पाहिली, आरशाशिवाय. बरोबर होती. पुन्हा सगळं उभं करायला वर्ष गेलं. कुलपाचं भोक या बाजूलाही होतंच. या वेळी त्याचं तळं केलं नाही. तसंच ठेवलं.

चूक कळवणाऱ्या चार ओळी तिने स्वतः लिहिल्या आणि छापायला देण्याआधी टपालवाल्याला पाठवल्या. सोबत लिहिलं की तुमच्या वडिलांना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण मला हे छापावंच लागेल. त्या पत्राला उत्तर आलं नाही. एक महिना नाही, चार महिने नाही. रोज कामावरून आली की ती आधी दाराशी पडलेली पत्रं चाळायची आणि मग माझ्याकडे यायची. चार ओळी छापून आल्या. थोडंफार हसं झालं. चिटणीसांनी शब्द मात्र पाळला. मला सभागृहात नेलं, पण मधोमध नाही, जिन्याखालच्या कोपऱ्यात. मधोमध ठेवलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं, हे कबूल करतो.

उद्घाटनाला वीस-पंचवीस माणसं आली. भाषणं झाली, चहा झाला. लोकांनी माणसांची कारागिरी वाखाणली आणि कुणीतरी अपेक्षेप्रमाणे विचारलं की सगळे हसतायत का. टेकडीजवळ तिने एक पट्टी लावली होती. तिच्यावर लिहिलं होतं: ‘तीनशे. निशाण दिसत होतं. उतरले नाहीत. कारण ठाऊक नाही.’ ती वाचून बरेच जण पुढे गेले. कारण ठाऊक नसलेल्या गोष्टीपाशी माणसं फार थांबत नाहीत.

सगळे गेल्यावर दारातून एक माणूस आत आला. खांद्याला पिशवी, पायात धुळीचे बूट. दीड दिवसाचा प्रवास करून आला होता आणि गाडीला उशीर झाला होता. तिने त्याला पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला. टपालवाला माझ्यासमोर उभा राहिला, पट्टी वाचली.

“बाबांना मीच वाचून दाखवलं,” तो म्हणाला. “त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चौकट उतरवायला लावली. मला म्हणाले, जाऊन बघून ये.”

“माझं चुकलं हो,” ती म्हणाली. “तुमच्या घरात खोटं पाठवलं मी.”

त्याने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. मग म्हणाला, “म्हणजे आम्ही परत भित्रेच का?”

“ते मला माहीत नाही. पण ज्याने भेकड लिहिलं ना, त्याला तरी कुठे माहीत होतं? तोही टेकडीवर गेला नव्हता. गेलो ते आपण दोघंच.”

मग त्याने पिशवी खाली ठेवली आणि वाकला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. हनुवटी माझ्या कडेवर टेकवली, एक डोळा मिटला आणि तीनशेंच्या मागून खाली पाहिलं. त्याचा श्वास मला लागत होता. तिने दिवा लावला, पूर्वेकडून, त्याच्या पाठीमागून.

“पूल दिसतो,” तो म्हणाला.

“हो.”

“निशाणही दिसतंय.”

“हो.”

“मग उतरले का नाहीत?”

हा प्रश्न मी पन्नास वर्षांपूर्वी सुजलेल्या गालांच्या तोंडून ऐकला होता. त्यानंतर लोकांनी तो तिला पुष्कळदा विचारला, पण बोलायचं म्हणून, किंवा तिची समजूत काढायला. याला जाणून घ्यायचं होतं. तिलाही ते कळलं. कोपऱ्यातलं एक स्टूल ओढून तिने त्याच्यापाशी ठेवलं, दुसरं स्वतःला घेतलं, आणि दोघं माझ्या दोन बाजूंना हनुवट्या टेकवून बसली. चिटणीस कुलूप लावायला आले होते. ते बाहेर जाऊन थांबले.

तेव्हा मित्रांनो, माझ्या तुमच्याकडे दोन-चार मागण्या आहेत. कधी त्या सभागृहात आलात तर माझ्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवू नका, माझं लाकूड फुगतं आणि त्याचे परिणाम मी एकदा भोगले आहेत. घरातलं जुनं काही भट्टीत घालायचं असेल तर आधी त्याची मागची बाजू बघा. उभ्या उभ्या बघून पुढे जाऊ नका, वाका. आणि टेकडीच्या मागे एक स्टूल आहे, ते कृपा करून हलवू नका. ते टपालवाल्याचं आहे. तो पुढच्या महिन्यात परत येतोय. टेकडीवरून पुलापर्यंत धावत जायला किती वेळ लागतो, ते त्याने घड्याळ लावून मोजलंय म्हणे.